लॉक धरून बसलंय कोण? मायएसक्यूएलमध्ये अडवणारं स्टेटमेंट शोधण्याची पद्धत

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर भागात साखर कारखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचे फोन रात्रीसुद्धा वाजतात. तक्रार ठरलेली: "साहेब, काटा अडकलाय बघा. पावतीच निघंना झालीय." काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा, मागे ट्रॉल्यांची रांग, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. सर्व्हर उघडून बघावा तर प्रोसेसर निवांत, डिस्क निवांत, मेमरीही भरपूर शिल्लक. सर्व्हरला काम नाही आणि तरी काम पुढं सरकत नाही, असं दिसलं की पहिला संशय लॉकवर घ्यायचा. एकाने डेटा बदलायला घेतला की त्याचं काम संपेपर्यंत बाकीच्यांना थांबवणारं कुलूप म्हणजे लॉक.

बहुतेक ठिकाणी लगेच सर्व्हर रिस्टार्ट होतो. काटा चालू होतो, सगळे सुस्कारा सोडतात, आणि कुणी अडवलं होतं याचा पुरावा मात्र त्या रिस्टार्टबरोबर पुसला जातो. पुढच्या पंधरवड्याला बिलं करायला घेतली की पुन्हा तोच फोन.

शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. अडकलेलं स्टेटमेंट (डेटाबेसला दिलेली एक आज्ञा) आणि अडवणारं स्टेटमेंट वेगळं असतं. यादीत ठळक दिसतं ते अडकलेलं. अडवणारं बऱ्याचदा कधीच चालून संपलेलं असतं, फक्त त्याचं ट्रान्झॅक्शन, म्हणजे कमिटने पक्का किंवा रोलबॅकने रद्द करायचा कामाचा गट, उघडं राहिलेलं असतं. त्यामुळे "सर्वांत जास्त वेळ चाललेली क्वेरी मारा" हा सल्ला अनेकदा निरपराध माणसाला शिक्षा देतो.

खालची पद्धत मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. कमांड आणि नावं इथे देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची (नावांतलं "ट्रक्स" म्हणजे टी-आर-एक्स, ट्रान्झॅक्शनचं लघुरूप; "रोज" म्हणजे ओळी). उदाहरणासाठी एकच टेबल धरू: वजन_पावती. त्यात पावती क्रमांक (प्रायमरी की), सभासद कोड, गाडी क्रमांक, भरगाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजनाची वेळ आणि बिल क्रमांक. गाडी भरून आली की इन्सर्ट, गव्हाणीत ऊस टाकून परत काट्यावर आली की रिकाम्या वजनाचं अपडेट.

तयारी: लॉगिन आणि परवानग्या

तपासणीसाठी वेगळा युजर आधीच करून ठेवा. त्याला प्रोसेस परवानगी द्या, नाहीतर प्रोसेसलिस्टमध्ये फक्त स्वतःचीच कनेक्शन दिसतात. परफॉर्मन्स स्कीमा (सर्व्हर स्वतःच्या हालचाली नोंदवतो ती टेबलं) आणि सिस स्कीमावर (त्यावर बांधलेले तयार व्ह्यू, म्हणजे जतन केलेल्या क्वेरी) सिलेक्ट हवं, आणि सिसवर एक्झिक्यूटही. कनेक्शन तोडायची वेळ येणार असेल तर कनेक्शन अॅडमिनची परवानगीही हवी.

या परवानगीचा दुसरा उपयोग ऐनवेळी कळतो. लॉक लागला की अॅप्लिकेशन नवीन कनेक्शनं उघडत राहतं आणि मर्यादा गाठली जाते (मॅक्स_कनेक्शन्सचा डिफॉल्ट १५१ आहे). त्या मर्यादेवर एक जादा कनेक्शन मायएसक्यूएल अशा अॅडमिन युजरसाठी राखून ठेवतं. पण अॅप्लिकेशनच रूटने लॉगिन करत असेल तर ती राखीव जागाही तेच खाऊन टाकतं आणि तुम्ही दाराबाहेर. काट्याच्या सॉफ्टवेअरला रूट देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती आधी बंद करा.

पहिली पायरी: लॉक कुठल्या जातीचा आहे?

शो फुल प्रोसेसलिस्ट;

यात कमांड, टाइम आणि स्टेट हे तीन रकाने वाचायचे.

स्टेटमध्ये "वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक" असं दिसलं तर कुणीतरी टेबलाची रचना बदलायला बसलंय, किंवा बसायचा प्रयत्न करतंय, किंवा कुणीतरी इनोडीबी टेबलावर लॉक टेबल्स दिलंय. "वेटिंग फॉर टेबल लेव्हल लॉक" दिसलं तर खराखुरा टेबल लॉक आहे: टेबल जुन्या मायआयसॅम इंजिनवर (टेबल साठवणाऱ्या यंत्रणेवर) आहे.

तिसरा प्रकार फसवा आहे आणि तोच सर्वांत जास्त भेटतो. इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इंजिनच्या) रो-लॉकची, म्हणजे एकेका ओळीवरच्या लॉकची, वाट बघणारं स्टेटमेंट स्टेटमध्ये वाट बघतोय असं म्हणतच नाही. तिथं अपडेटसाठी नुसतं "अपडेटिंग" आणि इन्सर्टसाठी "अपडेट" दिसतं, म्हणजे जणू काम चालूच आहे. एका साध्या इन्सर्टला "अपडेट" स्टेटमध्ये तीस सेकंद लागलेत, असं दिसलं की ओळखायचं: ते काम करत नाही, थांबलंय.

रो-लॉक असूनही लोक "पूर्ण टेबल लॉक झालं" म्हणतात, आणि परिणाम बघितला तर त्यांचं चूक नाही. ते कसं होतं ते पुढं येतंच.

दुसरी पायरी: कोण कुणाला अडवतंय?

रो-लॉकसाठी सिस स्कीमात तयार व्ह्यू आहे:

सिलेक्ट वेट_एज, लॉक्ड_टेबल, लॉक्ड_इंडेक्स, वेटिंग_पीआयडी, वेटिंग_क्वेरी, ब्लॉकिंग_पीआयडी, ब्लॉकिंग_क्वेरी, ब्लॉकिंग_ट्रक्स_एज फ्रॉम सिस.इनोडीबी_लॉक_वेट्स;

समजा पाच ओळी आल्या. पहिलीत ५२१० ला ५१९८ अडवतोय, दुसरीत ५१९८ ला ४१२७ अडवतोय, बाकीच्यांतही ब्लॉकिंगच्या रकान्यात ४१२७. म्हणजे साखळी आहे. ५१९८ स्वतःच अडकलेला आहे, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. जो नंबर ब्लॉकिंगमध्ये आहे पण वेटिंगमध्ये कुठंच नाही, तो मुळाशी बसलेला. इथं ४१२७.

आता ४१२७ च्या ब्लॉकिंग_क्वेरीत काय आहे ते बघा. क्वेरी दिसत असेल तर तुमचं नशीब चांगलं, ती अजून चालू आहे. पण पुष्कळदा तिथं नल असतं. प्रोसेसलिस्टमध्ये ४१२७ समोर कमांड "स्लीप" आणि टाइम ६४० असं काहीतरी. झोपलेलं कनेक्शन कुणाला काय अडवणार, असं वाटून माणूस पुढं जातो आणि तिथंच शोध भरकटतो. स्लीप म्हणजे या क्षणी स्टेटमेंट चालू नाही, एवढंच. त्याचं ट्रान्झॅक्शन उघडं आहे की नाही ते इथं कळतं:

सिलेक्ट ट्रक्स_मायएसक्यूएल_थ्रेड_आयडी, ट्रक्स_स्टार्टेड, ट्रक्स_रोज_लॉक्ड, ट्रक्स_रोज_मॉडिफाइड फ्रॉम इन्फॉर्मेशन_स्कीमा.इनोडीबी_ट्रक्स ऑर्डर बाय ट्रक्स_स्टार्टेड;

जुनं ट्रान्झॅक्शन वर येतं. रोज_लॉक्डचा आकडा टेबलातल्या एकूण ओळींच्या आसपास असेल तर "पूर्ण टेबल लॉक झालं" म्हणणारा क्लार्क बरोबर होता.

तिसरी पायरी: झोपलेल्या कनेक्शनने काय चालवलं होतं?

परफॉर्मन्स स्कीमा प्रत्येक जिवंत कनेक्शनची शेवटची काही स्टेटमेंट जपून ठेवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये दहा. प्रोसेसलिस्टमधला नंबर आणि परफॉर्मन्स स्कीमातला थ्रेड नंबर वेगळे असतात, म्हणून मध्ये थ्रेड्स टेबल लागतं:

सिलेक्ट एच.इव्हेंट_आयडी, एच.एसक्यूएल_टेक्स्ट फ्रॉम परफॉर्मन्स_स्कीमा.इव्हेंट्स_स्टेटमेंट्स_हिस्टरी एच जॉइन परफॉर्मन्स_स्कीमा.थ्रेड्स टी युझिंग (थ्रेड_आयडी) व्हेअर टी.प्रोसेसलिस्ट_आयडी = ४१२७ ऑर्डर बाय एच.इव्हेंट_आयडी;

आणि समोर येतं ते साधारण असं:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन
अपडेट वजन_पावती सेट बिल_क्र = ४१ व्हेअर डेट(वजन_वेळ) बिटवीन '२०२४-१२-०१' अँड '२०२४-१२-१५'
सिलेक्ट सम(भरवजन - रिकामवजन) फ्रॉम वजन_पावती व्हेअर बिल_क्र = ४१

यानंतर कमिट नाही. बिल विभागातल्या स्क्रीनने पंधरवड्याच्या पावत्यांना बिल क्रमांक लावला, एकूण टनेज दाखवलं आणि "बरोबर आहे का?" असा चौकोन काढून ती थांबली. चौकोनासमोरचा माणूस चहाला गेलाय. तो परत येऊन "होय" दाबेपर्यंत लॉक सुटत नाहीत, आणि त्याच्या त्या चौकोनाचा काट्याशी काही संबंध असेल हे त्याच्या गावीही नसतं.

इथं तीन सावधगिऱ्या. एक, कनेक्शन संपलं की त्याची हिस्टरीही जाते, म्हणून किल करण्याआधी ही क्वेरी चालवा आणि उत्तर फाइलमध्ये उतरवून घ्या. क्रम उलटा झाला तर गुन्हेगार मेला, जबाब घ्यायचाच राहिला. दोन, काही कनेक्शन पूल (अॅप्लिकेशनने आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) दर थोड्या वेळाने "सिलेक्ट १" पाठवून कनेक्शन जिवंत आहे का ते बघतात. ते उघड्या कनेक्शनवर होत असेल तर दहाच्या दहा जागा "सिलेक्ट १" ने भरतात आणि खरं स्टेटमेंट बाहेर ढकललं जातं. तसं होत असेल तर परफॉर्मन्स_स्कीमा_इव्हेंट्स_स्टेटमेंट्स_हिस्टरी_साइज शंभरपर्यंत वाढवा; त्याला रिस्टार्ट लागतो, तेव्हा हंगामाआधीच करा. तीन, स्टेटमेंटचा मजकूर १०२४ बाइटला कापला जातो. मोठ्या जॉइनचा शेवट दिसला नाही तर घाबरू नका, अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये सुरुवात शोधली की पूर्ण क्वेरी सापडते.

चौथी पायरी: एका अपडेटने अख्खं टेबल कसं अडलं?

वरच्या अपडेटला फक्त १ ते १५ डिसेंबरच्या पावत्या हव्या होत्या. मग १८ तारखेच्या रात्री काट्यावरचा नवीन इन्सर्ट का अडला?

इनोडीबी अटीत बसणाऱ्याच ओळी लॉक करतं असं धरून चालणं चुकीचं. शोधताना ज्या ज्या ओळींवरून ते जातं त्या लॉक होतात. वजन_वेळ रकान्यावर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) असेलही, पण त्यावर डेट() हे फंक्शन लावल्याबरोबर तो निकामी होतो आणि सर्व्हर प्रायमरी कीवरून पहिल्या पावतीपासून शेवटच्यापर्यंत चालत जातो. डिफॉल्ट रिपीटेबल रीड आयसोलेशनमध्ये (आयसोलेशन म्हणजे ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याची पातळी) हे सगळे लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहतात. नुसत्या ओळीच नव्हे, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागाही.

हे डोळ्यांनी बघता येतं:

सिलेक्ट इंडेक्स_नेम, लॉक_मोड, लॉक_स्टेटस, लॉक_डेटा फ्रॉम परफॉर्मन्स_स्कीमा.डेटा_लॉक्स व्हेअर ऑब्जेक्ट_नेम = 'वजन_पावती' लिमिट ५०;

लिमिट विसरू नका, लाखो लॉक असतील तर ही यादीच सर्व्हरला जड जाते. वाट बघणारी ओळ तेवढी हवी असेल तर लॉक_स्टेटस = 'वेटिंग' अशी अट घाला. काट्याच्या इन्सर्टची ओळ अशी दिसेल: लॉक_मोड "एक्स, इन्सर्ट_इंटेन्शन", स्टेटस "वेटिंग", आणि लॉक_डेटामध्ये "सुप्रीमम स्यूडो-रेकॉर्ड". हे सुप्रीमम म्हणजे इंडेक्सच्या शेवटच्या ओळीनंतरची काल्पनिक खूण. अपडेट टेबलाच्या टोकापर्यंत चालत गेलं आणि त्या खुणेवरही लॉक लावून बसलं. नवीन पावती क्रमांक नेहमी शेवटीच जोडला जातो, त्यामुळे एकही नवीन पावती आत शिरू शकत नाही. रिकाम्या वजनाचं अपडेट प्रायमरी कीने येतं, तेही अडतं, कारण आजच्या पावत्यासुद्धा वाटेत लॉक झाल्यात. काट्याची दोन्ही कामं एकाच वेळी बंद पडतात ती यामुळे.

सापडलेल्या स्टेटमेंटवर एक्सप्लेन (स्टेटमेंट कुठल्या वाटेने चालेल ते दाखवणारी कमांड) लावून खात्री करा. एक्सप्लेन अपडेटलाही चालतं आणि प्रत्यक्षात काही बदलत नाही. "रोज" (ओळी) या रकान्यात टेबलाएवढा आकडा आला की निदान झालं. "की" नावाच्या रकान्यात "प्रायमरी" लिहिलंय म्हणजे इंडेक्स वापरला, असं मात्र समजू नका; अपडेटमध्ये पूर्ण टेबल चाळणंही बऱ्याचदा तसंच दाखवलं जातं.

दुसरं नेहमीचं कारण सभासद कोड. कोड '००४१२' असा अक्षरांत साठवलेला असतो आणि प्रोग्रॅमर क्वेरीत अवतरणचिन्हांशिवाय ४१२ लिहितो. उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण अक्षर-आकडा तुलनेत इंडेक्स वापरला जात नाही आणि एका सभासदाची दुरुस्ती सगळ्यांच्या ओळी धरून ठेवते.

मेटाडेटा लॉक: अल्टर दिसतं, पण दोषी वेगळाच

भर हंगामात कुणीतरी टेबलात नवीन रकाना घालायला अल्टर टेबल चालवतं. दुपारपासून एखादं रिपोर्टचं कनेक्शन त्याच टेबलावर साधं सिलेक्ट करून कमिट न करता बसलेलं असतं. सिलेक्ट इनोडीबीच्या ओळी लॉक करत नाही, पण ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत टेबलाच्या रचनेवर हलका मेटाडेटा लॉक ठेवतं. अल्टरला पूर्ण ताबा हवा, म्हणून ते थांबतं. आणि अल्टर थांबलं की त्याच्यामागे आलेली साधी सिलेक्टसुद्धा थांबतात: काट्यावर पंक्चर ट्रॅक्टर उभा राहिला की मागच्या सायकलवाल्यालाही वाट मिळत नाही, तसं.

याचा व्ह्यू वेगळा आहे:

सिलेक्ट ऑब्जेक्ट_नेम, वेटिंग_पीआयडी, वेटिंग_क्वेरी, ब्लॉकिंग_पीआयडी, ब्लॉकिंग_लॉक_टाइप फ्रॉम सिस.स्कीमा_टेबल_लॉक_वेट्स;

वाचताना जपून. अल्टर स्वतः वाट बघत असतानाही टेबलावर एक "शेअर्ड_अपग्रेडेबल" लॉक धरून असतं, त्यामुळे ब्लॉकिंगच्या रकान्यात अल्टरचा नंबरही येतो. मूळ दोषी म्हणजे ज्याचा लॉक "शेअर्ड_रीड" किंवा "शेअर्ड_राइट" आहे आणि जो स्वतः कुणाची वाट बघत नाही. त्याची हिस्टरी तिसऱ्या पायरीप्रमाणे काढायची.

तातडीत मात्र बहुतेक वेळा अल्टरच रद्द करणं शहाणपणाचं. रांग लगेच मोकळी होते, आणि रिपोर्टवाल्याशी सकाळी बोलता येतं. मेटाडेटा लॉकसाठी वाट बघण्याची डिफॉल्ट मुदत, लॉक_वेट_टाइमआउट, ३१५३६००० सेकंद आहे. म्हणजे एक वर्ष. म्हणून अल्टर चालवण्याआधी त्याच सेशनमध्ये सेट सेशन लॉक_वेट_टाइमआउट = ५ द्यायची सवय लावा. पाच सेकंदांत ताबा मिळाला नाही तर ते आपणहून माघार घेतं.

खरा टेबल लॉक

यावर फार वेळ घालवायला नको. इन्फॉर्मेशन_स्कीमा.टेबल्समध्ये इंजिन रकाना बघा. मायआयसॅम दिसलं तर टेबल इनोडीबीवर न्या. ते नसेल तर बॅकअपची वेळ आणि अडकण्याची वेळ जुळते का ते बघा. मायएसक्यूएलडंप आपल्या नेहमीच्या पर्यायांनिशी डेटाबेसमधल्या सगळ्या टेबलांवर रीड लॉक लावतं. सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला की इनोडीबी टेबलांसाठी ते टळतं.

किल करताना

स्लीपमधल्या कनेक्शनला किल क्वेरी देऊन काहीच होत नाही, कारण मारायला क्वेरीच नाही. तिथं नुसतं किल ४१२७, म्हणजे कनेक्शनच तोडायचं. व्ह्यूच्या शेवटच्या रकान्यात ही तयार कमांडही मिळते.

त्याआधी ट्रक्स_रोज_मॉडिफाइड बघा. आकडा लाखांत असेल तर किलनंतर तेवढं सगळं उलटं फिरवावं लागतं आणि तोवर लॉक सुटत नाहीत. इनोडीबी_ट्रक्समध्ये "रोलिंग बॅक" दिसेल आणि आकडा उतरत जाईल. अशा वेळी धीर सोडून सर्व्हर बंद केला तरी सुटका नाही. पुन्हा चालू झाल्यावर उरलेला रोलबॅक तिथूनच पुढं सुरू होतो.

अडकलेल्या स्टेटमेंटला इनोडीबी डिफॉल्ट ५० सेकंदांनी १२०५ क्रमांकाची एरर देऊन सोडतं. पण त्यात फक्त ते एक स्टेटमेंट मागं जातं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. अॅप्लिकेशनने एरर गिळून पुढं चाल केली तर अडकलेलाच आता नवा अडवणारा होतो. एरर आली की रोलबॅक, हे कोडमध्ये पक्कं हवं. डेडलॉकच्या (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांचीच वाट बघत अडकतात तेव्हाच्या) १२१३ एररमध्ये मात्र पूर्ण ट्रान्झॅक्शनच मागं घेतलं जातं.

तुम्ही नसताना झालेलं पकडायचं कसं?

रात्री अडीचला अडकलं आणि पावणेतीनला आपोआप सुटलं, तर सकाळी वरच्या सगळ्या व्ह्यू रिकाम्या. तेव्हा एक टेबल करा आणि दर १० सेकंदांनी सिस.इनोडीबी_लॉक_वेट्समधल्या ओळी, वेळेसकट, त्यात टाकणारा इव्हेंट लावा, ८.० मध्ये इव्हेंट शेड्युलर चालूच असतो. त्याच इव्हेंटमध्ये ब्लॉकिंग_पीआयडीची हिस्टरीही उतरवून घ्या, कारण नुसता नंबर सकाळी काही सांगत नाही. अडवणूक नसली की ओळी शून्य, त्यामुळे टेबल फुगत नाही. १० सेकंदांपेक्षा छोटे लॉक निसटतील, पण काटा थांबवणारे निसटत नाहीत.

डेडलॉकसाठी इनोडीबी_प्रिंट_ऑल_डेडलॉक्स चालू करा. नाहीतर शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये फक्त शेवटचा एकच मिळतो.

स्लो लॉगवर फार विसंबू नका. त्यात लॉक_टाइम असतो, पण लॉग होतं ते हळू चाललेलं स्टेटमेंट, म्हणजे पुन्हा बहुधा अडकलेलंच. वरचं बिलाचं अपडेट दोन सेकंदांत संपलं होतं. लाँग_क्वेरी_टाइम डिफॉल्टला, म्हणजे १० सेकंदांवर असेल तर ते त्या लॉगमध्ये कधीच आलं नसतं. जनरल लॉगमध्ये सगळं येतं, पण हंगामात तो चालू ठेवला तर डिस्क भरायला वेळ लागत नाही.

दुरुस्ती

बिलाच्या अपडेटमधलं फंक्शन काढून सरळ सीमा घाला: वजन_वेळ >= '२०२४-१२-०१' अँड वजन_वेळ < '२०२४-१२-१६'. वजन_वेळवर इंडेक्स असेल आणि एक्सप्लेनमध्ये तो वापरलेला दिसला तर लॉक त्या पंधरवड्यापुरते राहतात. "बरोबर आहे का?" हा प्रश्न ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी विचारा: आधी सिलेक्टने बेरीज दाखवा, होय आल्यावरच अपडेट आणि लगेच कमिट. माणसाच्या उत्तराची वाट बघणारं ट्रान्झॅक्शन काट्याच्या टेबलावर कधीही नको.

रीड कमिटेड आयसोलेशनही मदत करतं. त्यात अटीत न बसणाऱ्या ओळींचे लॉक लगेच सुटतात आणि मधल्या जागा सहसा धरल्या जात नाहीत. पण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तेच सिलेक्ट दोनदा चालवणारे रिपोर्ट दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात, तेवढं तपासून मगच बदला. इंडेक्स दुरुस्त न करता नुसतं आयसोलेशन बदलणं मला पटत नाही.

निष्क्रिय कनेक्शन किती वेळाने तोडायचं ते ठरवणाऱ्या वेट_टाइमआउटचा डिफॉल्ट २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून घरी गेलेल्या माणसाचं कनेक्शन पूर्ण पाळीभर लॉक धरून बसू शकतं. पूलची सेटिंग बघून हा आकडा खाली आणा. डेटाबेस बघायच्या टूलमध्ये मॅन्युअल कमिट चालू असेल तर तोही बंद करा.

मायएसक्यूएल समजून चालवलेलं मारियाडीबी

उद्यमनगरातल्या वर्कशॉपांपासून मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपर्यंत पुष्कळ ठिकाणी झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं तयार पॅकेज) टाकून काम चाललेलं असतं. झॅम्पमध्ये येतं ते मारियाडीबी, मायएसक्यूएलपासून फुटून निघालेला वेगळा डेटाबेस. आधी सिलेक्ट व्हर्जन() चालवून बघा. मारियाडीबीत परफॉर्मन्स स्कीमा डिफॉल्टला बंद असतं आणि डेटा_लॉक्स टेबल नाही. त्याऐवजी इन्फॉर्मेशन_स्कीमातली इनोडीबी_लॉक्स आणि इनोडीबी_लॉक_वेट्स वापरायची, आणि मेटाडेटा लॉकसाठी मेटाडेटा_लॉक_इन्फो प्लगइन बसवायचं. परफॉर्मन्स स्कीमा चालू करायला कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ आणि एक रिस्टार्ट लागतो.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटीमध्ये "आयडल इन ट्रान्झॅक्शन" शोधा आणि पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज() ने साखळी काढा. तिथं झोपलेल्या कनेक्शनची शेवटची क्वेरी सरळ दिसते, पण ती शेवटचीच. लॉक तिच्याआधीच्या एखाद्या स्टेटमेंटने घेतलेला असू शकतो, आणि ते शोधायला सर्व्हर लॉगसाठी लॉग_स्टेटमेंट चालू असलेलं बरं.